नागपूरच्या गच्चीवरून ठळक तारे ओळखायला शिका

सुरुवात फेब्रुवारीत करा. हवा कोरडी असते, आठ वाजेपर्यंत पूर्ण अंधार पडतो आणि आकाशातले बरेचसे ठळक तारे एकदमच वर असतात. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस मात्र सोडा. गच्चीवर गेल्यावर 20 मिनिटं मोबाइल खिशातच राहू द्या. एकदा जरी स्क्रीन पाहिली, तरी अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावावे लागतात.

आधी दिशा पक्की करा. पाण्याच्या लोखंडी स्टँडजवळ किंवा कॉलमच्या उघड्या सळ्यांजवळ मोबाइलचं होकायंत्र चुकतं, म्हणून ध्रुव शोधा. हात ताठ धरला की मूठ साधारण 10 अंशांची आणि ताणलेली वीत 20 अंशांची भरते. नागपूरचा अक्षांश 21 अंश, त्यामुळे ध्रुव उत्तर क्षितिजापासून वीतभर उंचीवर असतो. तो सर्वांत तेजस्वी असेल असं समजून शोधणारे हमखास चुकतात; तो मध्यम तेजाचा तारा आहे. रात्री साडेआठला ईशान्येला सप्तर्षींपैकी पुलह आणि क्रतू (चौकोनाच्या शेपटीविरुद्ध कडेचे दोन तारे, डावीकडचा क्रतू) वर आलेले असतात. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या, तिथे ध्रुव.

आता दक्षिणेकडे तोंड करून मान चांगली वर करा. तिथे मृग नक्षत्र दिसेल: चार तारे मृगाचे पाय, मधले ओळीतले तीन म्हणजे बाण. चार पायांपैकी तांबूस तो काक्षी, ठळक निळसर पांढरा तो राजन्य. बाणाची रेषा खाली डावीकडे नेली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच वर उजवीकडे नेली की नारिंगी रोहिणी. पहिल्या रात्री एवढंच पुरे. व्याधापासून प्रश्वा, पुनर्वसू आणि ब्रह्महृदय असा फेरा दुसऱ्या दिवशी घ्या.

अगस्त्य मात्र चुकवू नका. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला, व्याधाच्या साडेतीन मुठी खाली असतो. नागपुरात तो 16 अंशांपर्यंत चढतो, दिल्लीत जेमतेम 9. तरी समोर चार मजली इमारत असली की तो झाकला जातो, तेव्हा दक्षिण मोकळी असलेली गच्ची निवडा.

ताऱ्यांच्या ओळखीत सगळ्यात जास्त गोंधळ ग्रह घालतात. रोहिणी, पुनर्वसू, मघा, चित्रा किंवा ज्येष्ठा यांच्याजवळ ताऱ्यांच्या नकाशात नसलेला ठळक ठिपका दिसला आणि तो फारसा लुकलुकत नसेल, तर तो ग्रहच. क्षितिजाजवळचा व्याध रंग बदलत जोरात लुकलुकतो, ते वातावरणामुळे.

तारे रोज सुमारे 4 मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. त्यामुळे मे महिन्यात रात्री मृग दिसत नाही. तेव्हा सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वळवत न्या: आधी स्वाती, मग चित्रा. मेच्या मध्यात सव्वानऊच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू (क्रूसाच्या आकाराचे चार तारे) आणि अकरानंतर मित्र-मित्रक (दोन ठळक तारे) येतात. मित्र जास्तीत जास्त 8 अंशांवर, एका मुठीपेक्षाही खाली, म्हणून शहरातून तो धुळीत आणि दिव्यांच्या उजेडात हरवतो. त्यासाठी उमरेड रोडने शहराबाहेर जा. तिथून दक्षिणेकडे पाहताना नागपूरचा उजेड पाठीशी राहतो. रामटेकहून पाहिलं तर तोच उजेड नैऋत्येला येतो आणि मावळतीकडे झुकलेले दक्षिणेचे तारे खातो.