रुबीच्या कोअर क्लासचं डॉक्युमेंटेशन: आधी मास्टर बांधा, इंग्रजीचं नंतर बघू

रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा येते, गिट येतं आणि ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचं कधीचं डोक्यात आहे, अशा पोट्ट्यापोट्टींसाठी हे लिहितेय. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात बसून, बहुतेक वेळा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रुबीच्या डॉक्युमेंटेशनचं हे काम करते. "याचे पैसे भेटते का वं?" असं घरी विचारतात. नाही भेटत. नोकरीही यानं थेट लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ॲरे, स्ट्रिंग, हॅश (की आणि तिची किंमत अशा जोड्या ठेवणारा) या रुबीच्या कोअर, म्हणजे मूळच्या क्लासची माहिती बहुतेक सी भाषेतल्या सोर्समध्येच असते, मेथड चालवणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये. आरडॉक नावाचं टूल ती वाचून पानं बनवतं. पण सगळं सीमध्येच सापडेल असं नाही. ॲरेची पॅक मेथड पॅक डॉट आरबी या फाईलीत आहे. ॲरे डॉट सीमध्ये शोधत बसाल तर संध्याकाळ होईल.

आता मी जिथे अडकले ते नीट वाचा. प्रत्येक उदाहरणापुढे 'हे चालवलं की हे मिळतं' असं लिहायचं असतं. ते उत्तर तुम्ही कोणत्या रुबीवर काढलं? उबुंटू २४.०४ वर ॲप्टनं (प्रोग्राम टाकायची तिथली कमांड) टाकली तर रुबी ३.२ येते. तुम्ही हात लावताय ते पान मात्र मास्टर ब्रँचचं, म्हणजे अजून बाहेर न पडलेल्या आवृत्तीचं असतं. २०२४ च्या नाताळात ३.४ आली आणि हॅश छापण्याची पद्धतच बदलली. की सिम्बॉल असेल तर आधी कोलन, मग नाव, मग बाण असं दिसायचं. आता नाव, त्याला चिकटून कोलन, मग किंमत. की स्ट्रिंग असेल तर बाण कायम आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सुटते. म्हणजे कोड बरोबर, समजावणं बरोबर, आणि ३.२ चं उत्तर जसंच्या तसं चिकटवल्यामुळे चांगलं उदाहरण बिघडलेलं. माझ्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे 'माझा बदल घ्या' या विनंतीवर, पहिला प्रश्न हाच आला. इंग्रजीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मी रात्रभर इंग्रजीच घोटत बसले होते.

म्हणून मास्टर स्वतः बांधा. रुबीचा सोर्स क्लोन करताना डेप्थ १ द्या, अख्खा इतिहास उतरवून दिवसाचा डेटा घालवू नका. बांधायला आधीची एक रुबी लागते, तिथे ॲप्टवाली कामी येते. ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक. मध्येच लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी माझ्या बॅटरीसारखी मेलेली असेल तरी घाबरू नका. मेक पुन्हा चालवलं की उरलेलंच बांधतं. एखादी ऑब्जेक्ट फाईल अर्धवट राहून एरर आली तर तेवढी उडवून परत मेक. पानं कशी दिसतात ते मेक एचटीएमएलनं घरीच बघता येतं.

लिहायचं काय, तर मेथड परत काय देते ते. डुप्लिकेट काढणाऱ्या युनिकची उद्गारचिन्हवाली मेथड घ्या. ॲरेत काही बदललं तर तोच ॲरे परत मिळतो, काहीच डुप्लिकेट नसेल तर निल, म्हणजे 'काहीच नाही'. तिच्यापुढे सॉर्ट जोडलं की एखाद्या दिवशी नो मेथड एरर येते, आणि नवीन माणूस सॉर्टला शिव्या देतो. किंवा हॅश बनवताना डिफॉल्ट म्हणून रिकामा ॲरे द्या. कापूस या कीवर ४० ढकला. तूर विचारा, तिथेही ४०. हॅश छापा, तर तो रिकामाच! डिफॉल्टचा ॲरे सगळ्यांना एकच असतो आणि ढकलण्यानं की तयार होत नाही. ब्लॉक देऊन त्यात कीला नवा ॲरे दिला की भागतं. असलं काही चालवून बघितल्याशिवाय सुचत नाही. चॅटबॉटला विचारून परिच्छेद चिकटवणारे इथेच आपटतात, आणि जुनं वाचून फिक्सनम या पूर्णांकांच्या जुन्या क्लासबद्दल लिहिणारेही. तो २.४ मध्येच इंटिजरमध्ये गेला, ३.२ मध्ये नावही पुसलं.

गुरू शोधत फिरू नका. कोर्सवाले 'ओपन सोर्स मेंटॉर' फी घेऊन स्पेलिंग दुरुस्त करायला लावतात, असं माझं स्पष्ट मत आहे. सोर्स वाचा, तोच शिकवतो. सी येत नाही म्हणून अडत नाही. निल कुठून परत जातो एवढं शोधता आलं तरी सुरुवातीला पुरतं.

आणि इंग्रजी साधंच ठेवा. वाक्य वाकडं असेल तर रिव्ह्यू करणारे सरळ करून देतात.

कमिटच्या नावाआधी चौकोनी कंसात डॉक लिहायची तिथे रीत आहे, ती पाळा. पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये एकच मेथड घ्या आणि कोणत्या कमिटवर चालवून बघितलं ते खाली लिहा. रुबीच्या टीममधले बरेच जण जपानात आहेत, त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. उत्तर आलं नाही म्हणून रात्री परत परत विचारू नका. तोवर दुसरी मेथड चालवून बघा, फक्त ती त्याच पुल रिक्वेस्टमध्ये घुसवू नका.