तांबी बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर

दोन बाळंतपणांत अंतर राखण्यासाठी तांबी, म्हणजेच कॉपर-टी, हा खात्रीचा उपाय आहे. पहिल्या वर्षात शंभर स्त्रियांमागे जेमतेम एखादीलाच गर्भ राहतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत बसवून मिळते. 375 प्रकारची तांबी 5 वर्षे व 380 ए प्रकारची 10 वर्षे चालते, म्हणून कार्डावर प्रकार आणि तारीख दोन्ही लिहून घ्यावे.

आधी रक्त तपासून घ्यावे, आणि विदर्भात हे आग्रहाने सांगावे लागते. पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त अंगावर जाते व पोटात कळा येतात. धानाच्या रोवणीत किंवा कापूस वेचणीत दिवसभर राबणाऱ्या, मुळातच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला ते झेपेलच असे नाही. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर तांबी वर्ज्य नसते, परंतु डॉक्टरांना ते आधीच सांगावे, कारण अशा वेळी रक्तस्राव कमी करणारे हार्मोनचे साधन अधिक योग्य ठरू शकते.

गर्भाची शंका, कारण न कळलेला रक्तस्राव किंवा ओटीपोटातील जंतुसंसर्ग असल्यास तांबी बसवू नये. बाळंतपणानंतर 48 तासांत ती बसवता येते, नाहीतर सहा आठवडे थांबावे लागते. मात्र हा निर्णय गरोदरपणाच्या तपासणीतच व्हावा, कळा सुरू झाल्यावर सासूबाईंनी किंवा नर्सबाईंनी परस्पर घेऊ नये.

तांबी काळजापर्यंत चढते, ही भीती निराधार आहे. गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका खरा असला तरी तो हजारात एखादीला, बहुधा बसवतानाच, संभवतो. म्हणून प्रशिक्षित हातानेच ती बसवून घ्यावी. ती आपोआप गळून पडण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त असते, विशेषतः बाळंतपणानंतर लगेच बसवली असल्यास. सहा आठवड्यांनी तपासणीला जावे आणि पाळीनंतर स्वच्छ बोटाने योनीत तांबीचा धागा लागतो का ते पाहावे. तो लागला नाही किंवा प्लास्टिकचे टोक हाताला लागले, तर दाखवून घेईपर्यंत निरोध वापरावा. एचआयव्हीपासून तांबी संरक्षण देत नाही, तिथेही निरोधच लागतो.

ताप, ओटीपोटात दुखणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काहीही दिसल्यास, विशेषतः पहिल्या तीन आठवड्यांत, आशाताईंना कळवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाळी चुकली तरीही तसेच करावे, कारण तांबी असताना राहिलेला गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असू शकतो. मूल हवे झाल्यास तांबी केव्हाही काढून मिळते आणि गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. मात्र धागा ओढून ती घरी काढू नये.