पातळ विटेची टाइल बाहेरच्या भिंतीवर कशी बसवावी

विटेची टाइल गळून पडली की लोक टाइलला नावं ठेवतात. दोष टाइलचा क्वचितच असतो. नागपुरात काम बिघडतं ते बहुधा "मसाला चांगला घ्या आणि कधीही लावा" या सल्ल्यामुळे. कधीही लावून चालत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने या कामाचे.

भिंत

रंग आणि पुट्टी पार छपाई (प्लास्टर) दिसेपर्यंत खरवडा. पुट्टीवर चिकटवलेली टाइल पुट्टीसकट खाली येते. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथली छपाई पाडून नवी करा. गुळगुळीत जागी छिन्नीनं टाके मारा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलून भिंतीला तिरप्या भेगा जातात. अशी भेग दरवर्षी रुंदावत असेल तर टाइलचा विचार सोडा आणि आधी पाया दाखवून घ्या.

आखणी

दोरी, ओळंबा, पाणसळ. कोपऱ्याच्या एल आकाराच्या टाइल्स आधी, मग मधल्या. सांधा १० मिमी. जमिनीपासून चार-सहा इंच जागा मोकळी ठेवा. स्लॅब आणि भिंत मिळतात त्या रेषेवरून टाइल ओलांडू नका. तिथला सांधा लवचिक सीलंटनं भरा.

चिकटवणं

माझी पहिली भिंत पश्चिमेची होती, मार्चचा शेवट होता. मिस्त्री जुना, अधेसिव्ह महागाचं, दुपारी तीनला काम जोरात. जुलैत झड लागली आणि खालून तिसऱ्या ओळीतल्या सात टाइल्स अंगणात पडल्या. उचलून पाहिल्या तर पाठी जवळजवळ कोऱ्या. अधेसिव्ह भिंतीलाच होतं आणि त्यात दातेरी करणीच्या रेघा तशाच उभ्या होत्या, एकही मोडलेली नव्हती.

झालं होतं असं: तापलेल्या छपाईनं अधेसिव्हमधलं पाणी ओढून घेतलं आणि वर उन्हानं साय धरली. टाइल त्या सायीवर टेकली, आत रुतलीच नाही. त्या दिवशी हातानं ओढली असती तर कळलं असतं. अधेसिव्ह पसरल्यापासून टाइल लावेपर्यंत पिशवीवर वीस मिनिटं लिहिलेली असतात, पण ती थंड खोलीतली. आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर पाच मिनिटंही पुरतात असं समजू नका.

तेव्हापासून मी असं करतो. हिरवी नेट बांधून भिंत सावलीत आणतो. पूर्वेची भिंत दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी. तळहात भिंतीवर ठेवून गरम लागला तर काम थांबवतो, मजुरी बुडाली तरी. आदल्या संध्याकाळी भिंतीवर पाणी मारतो आणि सकाळी पुन्हा हलकं शिंपडतो. भिंत ओलसर हवी, पाणी ओघळायला नको. टाइलच्या पाठीची धूळ ओल्या फडक्यानं पुसायचीच, भट्टीची राख बऱ्याचदा तिथेच चिकटलेली असते.

अधेसिव्ह एका वेळी हातभर जागेवरच पसरा, थोडं टाइलच्या पाठीलाही लावा आणि टाइल किंचित डावी-उजवी सरकवत दाबा, म्हणजे रेघा मोडतात. दर दहा-बारा टाइल्सनंतर एक ओढून काढा. पाठ सगळी भरलेली दिसायला हवी. मिस्त्री कुरकुर करेल, तरी काढायला लावाच. साय धरलेल्या अधेसिव्हवर पाणी शिंपडून ते जिवंत होत नाही, खरवडून फेका.

साध्या सिमेंटचा घोल नको. टाइलच्या चार कोपऱ्यांना चार गोळे ही पद्धत तर अजिबात नको. मागच्या पोकळीत पावसाचं पाणी साचतं. पॉलिमर असलेलं, बाहेरच्या भिंतीसाठीचं अधेसिव्ह घ्या. पिशवीवर आयएस १५४७७ हे मानक बघा.

सांधे भरणं

दोन दिवसांनी, टोकदार पिशवीतून दाबून मसाला सांध्यात सोडून भरा. विटेच्या तोंडावर सांडलं तर ओलं पुसू नका, डाग आत जिरतो. थोडं सुकू द्या, मग कोरड्या ब्रशनं झाडा. भिंत पूर्ण वाळल्यावर पाणी झटकणारं सिलेन-सिलॉक्सेनचं लेपन द्या. चकाकणारं वार्निश नको, ते ओल आत कोंडतं.

नकली फिनिश

आतल्या भिंतीला टेप लावून रंगीत मसाल्यात सांधे काढले तरी छान दिसतं, खर्चही कमी. बाहेर मात्र स्टेन्सिल मारून रंगवलेली वीट लावू नका. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) आणि त्यामागून येणारा पाऊस तिचा रंग काढतात.

आणि कूलर. टाइल लावलेल्या भिंतीवर त्याचा स्टँड असेल तर पाण्याची नळी भिंतीपासून दूर न्या. बोअरचं जड पाणी विटेवरून ओघळलं की पांढरा खार फुटतो. तो आधी कोरड्या ब्रशनं झाडा. पाणी मारून घासलं तर खार विरघळून पुन्हा आत जातो आणि वाळल्यावर परत वर येतो.