रोज एक पाठकोरा कागद

रोज काहीतरी लिहायचं मनात असेल तर ते घड्याळाला बांधू नका. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. दुपारी दोनला लिहायचं ठरवलं की नेमका दोनलाच टेम्पो भरायला लागतो. म्हणून माझा नेम डब्याच्या पाठोपाठ आहे. डबा खाऊन, धुऊन पिशवीत गेला की पॅकिंगच्या टेबलाचा कोपरा, पेन आणि माल पाठवण्याच्या चलनाचा एक पाठकोरा कागद. डबा कधी दीडला होतो, कधी तीनला. लिहिणं त्याच्यामागून येतंच. तुमच्याकडे सकाळचा चहा असेल, मुलांना शाळेच्या रिक्षात बसवणं असेल, रात्री ओटा पुसणं असेल. जे काम कधीच चुकत नाही, त्याच्या मागे लिहिणं लावून द्या.

चलनाची पाठ मी मुद्दाम निवडली आहे. नव्या कोऱ्या वहीत चांगलंच लिहायला हवं, असं दडपण येतं. पाठकोऱ्या कागदाचा धाक नसतो, आणि तो पंधरा ओळींत भरतो. भरला की थांबायचं. एवढंसं लिहून काय होणार, असं वाटत असेल तर आपल्या सोलापूरच्या संत सिद्धरामेश्वरांची आठवण ठेवा. बाराव्या शतकात त्यांनी कन्नडमध्ये वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, रचली. मोजक्या ओळी, त्यात ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही सहीसारखी मुद्रा, की वचन पूर्ण. छोटं लिहिणं अपुरं असतं हे मी कधीच मान्य करणार नाही.

खरी अडचण ‘काय लिहू’ ही असते. तिचं उत्तर कागद समोर घेऊन शोधायला गेलात तर डब्याची सुट्टी संपेल. ते आधीच खिशात हवं. मी दिवसभरात कानावर पडलेलं एक वाक्य धरून ठेवते. सोलापुरात वाक्यांना तोटा नाही. आमच्याकडे एका चहाच्या वेळेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी हिंदी चालते. मध्यंतरी टॉवेल तपासणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “पाणी पहाटे तीनला आलं, झोप सगळी नळाखालीच गेली की.” मी तेवढंच वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहिलं. त्याखाली शहराच्या पाणीटंचाईवर निबंध लिहायचा मोह होतो, तो टाळायचा. त्याऐवजी वाक्याला प्रश्न विचारायचे. नळ आल्याचं घरात आधी कुणाला कळलं? कशावरून, मोटारीच्या आवाजावरून की रिकाम्या घागरीत पडणाऱ्या धारेवरून? पहिल्यांदा काय भरलं, पिण्याचा हंडा की बॅरल? कोण उठलं, आणि कोण जागं असून झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मला एक सून सापडली. मावशींच्या बोलण्यात ती नव्हतीच. गोष्ट तिथून सुरू झाली. (माणसाचं नाव, गल्ली, नातं मात्र बदलायचंच. विश्वासाने बोललेलं असतं ते.)

उठताना सगळं संपवून उठू नका. मागावरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आला की नव्या बीमचे धागे जुन्या धाग्यांच्या टोकांना एकेक करून जोडतात. जुनी टोकं मागावर असतात म्हणून ते जमतं. तशी कागदाच्या तळाशी उद्याच्या वाक्याची सुरुवात सोडून द्या. ‘सुनेनं डोळे उघडले तेव्हा’ एवढंच. दुसऱ्या दिवशी हात आपोआप तिथून पुढे जातो.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळे सांगतात, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या. खाणं, पिणं, व्यायाम अशा साध्या सवयी. २०१० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला आकडेमोडीच्या अंदाजाने २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. लिहिण्याबद्दल तो अभ्यास नव्हता, तरी मला त्याचा फार धीर वाटतो.

काही दिवस मोडणारच. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली, सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, शहरातल्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघाले, घरी पाहुणे उतरले की पंधरा ओळी कुठून होणार? तेव्हा एकच ओळ, तीही डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी डोकं चालत नाही, तेव्हा मी लिहिणं सकाळच्या भाकरीनंतर घेते. बदल करायचा तर तोही कुठल्यातरी कामाच्या मागेच लावायचा.

लिहिताना दुरुस्ती करायची नाही. ती रविवारी. आठवड्याचे कागद फरशीवर मांडते, जे एकमेकांशी बोलतायत ते जवळ ठेवते, आणि तेवढेच वहीत नीट उतरवते. खाडाखोड तेव्हा, मनसोक्त. जे कुठेच बसत नाहीत त्यांच्यावर तारीख घालून, टाचणी लावून टॉवेलच्या रिकाम्या खोक्यात ठेवते. गोष्टीत नळावर भांडायला दुसरी बाई हवी असली की आधी त्या खोक्यात शोधते.