मेक्सिकोतल्या आपल्या घराण्याचा माग कसा काढावा

पणजोबा मेक्सिकोचे, एवढ्या माहितीवर शोध पुढे सरकत नाही. जुन्या नोंदी गावोगावच्या चर्चमध्ये आणि नगरपालिकांच्या दफ्तरांत आहेत, म्हणून आधी गाव हवं. घरी सांगितलं जाणारं 'ग्वादालाहारा' हे बरेचदा गावाजवळचं मोठं शहर असतं.

गाव कुणालाच आठवत नसेल, तर सणाला तमाल, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेले मक्याच्या पिठाचे गोळे, कसे व्हायचे ते विचारा. मक्याच्या ताटाच्या लांब पानात गुंडाळलेला टोकदार 'कोरुंदा' म्हणजे मिचोआकान राज्य. केळीच्या पानात बांधून भट्टीत भाजलेला हातभर लांब 'साकाविल' पूर्वेकडच्या वास्तेका भागातला. मृतांच्या दिवसांत जमिनीतल्या खड्ड्यात भाजलेला 'मुकबिपोयो' असेल, तर युकातान. हा पुरावा नव्हे, पण नकाशावर बोट कुठे ठेवायचं ते कळतं.

मग सगळ्यात अलीकडच्या कागदापासून मागे जा, एकही पिढी न गाळता. नावात आधी वडिलांचं आडनाव, मग आईचं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळे पणजीचं माहेर नोंदीत सरळ सापडतं. घोळ होतो तो अमेरिकेतल्या कागदांत: तिथे कारकुनाने शेवटचं, म्हणजे आईकडचं आडनाव कधीकधी मुख्य धरलेलं असतं. दोन्हींनी शोधा.

सरकारी जन्मनोंदीचा कायदा राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या सरकारने 1859 मध्ये केला. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. त्यातल्या कित्येक वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नाव टाकून सापडलं नाही म्हणून थांबू नका. सूची नसलेल्या वह्या पान-पान चाळाव्या लागतात. बाप्तिस्म्याच्या वहीत समासात बहुधा बाळाचं नाव असतं, नजर तिथेच फिरवा. मजकुरात तारीख, बाळ किती दिवसांचं, आईवडील, अनेकदा आजी-आजोबा आणि धर्ममातापिता, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारे. धर्ममातापित्यांची नावं जरूर उतरवून घ्या, ते पुष्कळदा नात्यातलेच निघतात. नावापुढे 'मा.' दिसलं, तर ते मारियाचं संक्षिप्त रूप.

1822 पूर्वीच्या नोंदींत 'एस्पान्योल' (स्पॅनिश वंशाचा), 'इंदिओ' (मूळ निवासी), 'मेस्तिसो' (मिश्र वंशाचा) असे वंशाचे शिक्के दिसतील. मग त्यांवर बंदी आली. एकाच माणसाचा शिक्का बाप्तिस्म्याला एक आणि लग्नात दुसरा असू शकतो, कारण पाद्री रंगरूप आणि प्रतिष्ठा पाहून लिही. त्यावरून रक्ताचा हिशेब मांडू नका.

1926 ते 1929 या काळात चर्च आणि सरकारच्या संघर्षात सार्वजनिक उपासना बंद होती. त्या वर्षांचा बाप्तिस्मा सापडला नाही, तर सरकारी जन्मनोंद आधी पाहा, आणि चर्चच्या वहीत 1929 नंतरची पानंही.