हार्ट सर्जरीनंतर मेंदूला इजा झालीय का? ब्लड मार्करचा रिपोर्ट असा वाचा

हार्टला इजा झाली हे सांगणारी जशी ट्रोपोनिनची रक्ततपासणी, तशी मेंदूसाठीही एखादी टेस्ट असेल असं धरून बरेच ज्युनियर डॉक्टर मार्करचा (इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रोटीनचा) रिपोर्ट हातात घेतात, आकडा हाय दिसला की घाबरतात आणि नॉर्मल आला की निवांत होतात, आणि दोन्हीकडे फसतात. आकडा नंतर बघा, आधी घड्याळ बघा.

त्याच्याही आधी पेशंट. सेडेशन (झोपेचं औषध) उतरलं की डोळे मिटून, तळवे वर ठेवून दोन्ही हात उचलून धरायला सांगा (छातीला टाके असतात, त्यामुळे फार वर न्यायचा आग्रह नको, बेडवरून थोडे उचलले तरी पुरे) आणि मनात दहापर्यंत मोजा. एक हात हळूहळू खाली यायला लागला, तळवा आत वळला, किंवा बोलणं अडखळतंय, तर कुठल्याही मार्करची वाट बघायची नाही, लगेच न्यूरोला कॉल आणि सीटी. इतकं मोठं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बहुतेक वेळा देता येत नाही, पण मोठ्या नसेतली गुठळी कॅथेटरने काढता येते आणि तिथे प्रत्येक मिनिट मोजलं जातं.

आता मार्कर. ऑपरेशनच्या आधीचं एक सॅम्पल हवंच, ते नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं, कारण वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल किंवा आधी स्ट्रोक होऊन गेला असेल तर काही मार्कर मुळातच वर असतात. आणि सगळी सॅम्पल एकाच लॅबला, एकाच किटवर.

एस१००बी सगळ्यात जास्त फसवतो. हे प्रोटीन मेंदूत असतं तसं चरबीत आणि बोन मॅरोमध्येही असतं, आणि छाती उघडल्यावर तिथे साठलेलं रक्त सक्शनने ओढून हार्ट-लंग मशीनमधून परत पेशंटला दिलं की ते सगळं अंगात जातं. म्हणून पंप (म्हणजे हेच हार्ट-लंग मशीन) बंद झाल्या झाल्या आलेला हाय आकडा मेंदूचा धरू नका. किडनी ठीक असेल तर हे प्रोटीन काही तासांत उतरतं, त्यामुळे २४ ते ४८ तासांनीही वरच असेल तर मात्र गांभीर्याने घ्या.

एनएसई या दुसऱ्या प्रोटीनची अडचण वेगळी. ते न्यूरॉनमध्ये (मेंदूच्या चेतापेशींत) असतं पण लाल पेशींमध्येही भरपूर असतं, आणि पंपात लाल पेशी फुटतात, शिवाय घाईघाईत बारीक सुईने ओढलं तरी फुटतात. सेंट्रिफ्यूज झाल्यावर ट्यूब पांढऱ्या कागदासमोर धरून बघा, सीरम (पेशी खाली बसल्यावर वर उरतं ते पाणी) पिवळसरऐवजी गुलाबी दिसलं तर तो आकडा सोडून द्या आणि सॅम्पल परत घ्या (हिमोलिसिस इंडेक्स, म्हणजे लाल पेशी किती फुटल्या याचा लॅबचा आकडा, मिळत असेल तर तो मागाच, डोळ्याला न दिसणारं हिमोलिसिसही आकडा वाढवतं). परत घेतलेलंही गुलाबीच निघालं तर पेशी अंगातच फुटतायत, तेव्हा एनएसईचा नादच सोडा. सॅम्पल स्वच्छ असेल तर हे साधारण दिवसभरात निम्मं व्हायला हवं, म्हणून २४ तासांपेक्षा ४८ तासांचा आकडा जास्त आला तर ते चिन्ह चांगलं नाही. ४८ किंवा ७२ तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर हा जो कटऑफ सगळे सांगतात तो कार्डियाक अरेस्टमधून परत आलेल्या बेशुद्ध पेशंटसाठीचा आहे, तिथेही तो एकटा वापरत नाहीत, बायपासच्या पेशंटला तो लावू नका.

जीएफएपी हे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींमधलं प्रोटीन त्या मानाने मेंदूशी जास्त इमानदार आहे. यूसीएच-एल१ या न्यूरॉनमधल्या प्रोटीनसोबतच्या त्याच्या टेस्टला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मान्यता दिली, पण ती डोक्याला मार लागल्यावर सीटी करायचा की नाही हे ठरवण्यासाठी, हार्ट सर्जरीसाठी नाही. एनएफएल (न्यूरॉनच्या तंतूंमधलं प्रोटीन) सावकाश चढतं, शिखर गाठायला बरेच दिवस, कधी आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी नॉर्मल आलं याला काही अर्थ नाही.

आणि पेशंट रात्री गोंधळलाय, तारीख सांगता येत नाहीये, नेहमीसारखा वागत नाहीये असं नातेवाईक सांगत असतील तर सगळे मार्कर नॉर्मल असले तरी त्यांना "काही नाही" म्हणून परत पाठवू नका. छोटे इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेले मेंदूचे भाग) रक्तात दिसतीलच असं नाही, सुरुवातीच्या सीटीतही सुटतात, डिफ्यूजन एमआरआयमध्ये दिसतात. फक्त एमआरआयला नेण्याआधी टेम्पररी पेसिंग वायर (ठोके सांभाळायला ऑपरेशनमध्ये हार्टला लावलेली तार) अजून आत आहे का ते सर्जनला विचारून घ्या, आणि सॅम्पलच्या फॉर्मवर रक्त काढल्याची वेळ आणि पंप बंद झाल्याची वेळ दोन्ही लिहा.