क्यूची टिप सारखी उडते? ग्लूला शिव्या घालायच्या आधी या चुका टाळा

स्नूकर क्लबात मिसक्यू झाला, म्हणजे क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) टोकाची चामडी टिप बॉलवरून घसरली, की पहिला दोष चॉकला, मग टिपला, आणि मग ज्याने टिप बसवली त्या बिचाऱ्या मार्करला, म्हणजे क्लबात टेबल सांभाळणाऱ्याला. टिपच्या खालची फेरूल, म्हणजे क्यूच्या टोकावरची पितळी कडी, कोणी बघतच नाही, आणि माझं म्हणणं हेच की बहुतेक भानगडी तिथेच असतात.

टिप उडाली तर लगेच फेकू नका, उलटी करून तिचं बूड बघा. मधेच ग्लूचा गोल डाग आणि कडेला कोरडं चामडं दिसलं तर फेरूलचं तोंड मधे फुगलंय. उलट कडेला नुसती रिंग आणि मधे कोरडं असेल तर मधलं लाकूड पितळेपेक्षा खाली गेलंय. दोन्ही केसमध्ये ग्लू कितीही भारी आणा, टिप पुन्हा उडणारच, कारण चिकटायला जागाच अर्धी आहे.

हे होतं कशामुळे, तर लोक क्यू मांडीवर घेतात आणि पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून घासत बसतात, त्याने कडा गोल होतात. त्यात ज्या फेरूलमधून लाकडाचं तोंड दिसतं तिच्यात पावसाळ्यात लाकूड फुगून पितळेच्या वर केसभर येतं, मुंबई-कोकणाकडे तर हमखास. उपाय सोपा आहे. जुना ग्लू आधी ब्लेडने पूर्ण खरवडून काढा, मग 240 नंबरचा पेपर काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवा, क्यू त्यावर अगदी सरळ उभी धरा आणि हलक्या हाताने गोल फिरवा. मग स्टीलच्या पट्टीची कड तोंडावर आडवी ठेवून उजेडाकडे धरा, खालून उजेड दिसला की अजून सपाट नाही. पण सपाट झाली की थांबा, हौसेने घासत बसलात तर फेरूलच आखूड होत जाते. आणि साफ केल्यावर त्यावर बोट फिरवून बघू नका, हाताचं तेल लागतं. टिपचं बूडही त्याच पेपरवर दोन-चार वेळा फिरवायचं, चकाकी गेली पाहिजे.

ग्लूचं बोलायचं तर पातळ फेविक्विक सगळ्यांच्या घरात असतं म्हणून तेच वापरलं जातं, पण एल्क मास्टरसारख्या मऊ टिपमध्ये ते झिरपतं आणि खालचा थर दगड होतो, मग शॉटचा फीलच जातो. जेलवाला सुपरग्लू घ्या, एक थेंब बास. जास्त लावला की टिप सरकते आणि कडेने बाहेर आलेला ग्लू खरवडताना फेरूलला ओरखडे पडतात. अंगठ्याने मधोमध दाबा, रात्रभर ठेवा. पाकिटावर काही मिनिटं लिहिलेली असतात हो, पण घाई कोणाला आहे.

फेरूल 9.5 मिमीची असेल तर टिप 10 ची घ्या. लहान टिप कधीच नको, कारण जास्तीचं कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही. कापताना क्यू उलटी करून टिप लाकडी फळीवर टेकवायची, कटरला नवं ब्लेड, आणि फेरूलकडून फळीकडे थोडं थोडं छिलत क्यू फिरवत जायचं. त्याआधी फेरूलवर आणि मागच्या लाकडावर मास्किंग टेपचे दोन वेढे मारा, हे लोक हमखास विसरतात. पॉलिश पेपर फेरूलच्या मागे लागला की तिथलं ॲश (क्यूचं लाकूड) बारीक होतं आणि गेलेलं लाकूड काही परत येत नाही.

आता रोजची चूक. टिप चकचकीत झाली, चॉक धरेना, की काढली कानस आणि घास घास घासली. अरे बाबा, टिप खाताय तुम्ही! वरचा थर नुसता खरखरीत करायचा असतो, टिप पिक (टिपला टोचे पाडायचं बारीक दात्यांचं अवजार) हलकेच दाबून फिरवला तरी काम होतं. मऊ टिप खेळून खेळून मशरूमसारखी फेरूलच्या बाहेर पसरते, तेव्हा फक्त बाहेर आलेली कड कापा, कडेला ओलं बोट लावा आणि चामड्याच्या तुकड्याने जोरात घासा, भिंत घट्ट होते. वरच्या घुमटाला पाणी लावू नका.

टिप पक्की आहे, तरी शॉट मारताना खटखट वाजतंय? फेरूलवर नखाने टिचकी मारा, पितळ आणि लाकडाच्या जोडावर नख फिरवा. अडकलं किंवा हललं तर फेरूल सुटलीय. बाहेरून ग्लू ओतून काही होत नाही, आणि पक्कडीने ओढलीत तर आतलं लाकूड मोडेल. हे काम ज्याला येतं त्याच्याकडेच द्या. क्यूच्या लाकडाला जवसाचं तेल लावणाऱ्यांनीही तेल फेरूलपासून लांबच ठेवा, जोडात उतरलं तर पुढची टिपही टिकणार नाही.

महागडी लेयरवाली (चामड्याचे थर चिकटवून केलेली) टिप घ्यावी का, असं सारखं विचारतात. घ्या, पैसे असतील तर, ती कमी पसरते. पण स्नूकरपटू स्टीफन हेंड्रीने सातही वर्ल्ड टायटल जिंकली ती शाळकरी वयात घेतलेल्या स्वस्तातल्या क्यूने, तेव्हा किमतीवर फार जीव टाकू नका.

बदलायची कधी? घुमटाखालची सरळ भिंत 1 मिमीच्या आसपास आली की. त्याखाली गेलात तर एखाद्या जोरदार स्क्रूला (बॉल मागे खेचणाऱ्या शॉटला) पितळच क्यू बॉलवर आपटेल. फक्त मॅचच्या आदल्या रात्री बदलू नका, नवी टिप दाबून बसायला थोडा खेळ लागतो आणि तोवर साइडचा (बॉलला कडेला मारून दिलेल्या फिरकीचा) अंदाज चुकत राहतो.